हरलेल्याला हार

फार पूर्वी अपरान्त देशात, शूर्पारक बंदरी धृतिमान राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व एका द्यूतपालाच्या कुळात जन्मास आला. द्यूतपाल म्हणजे राजाच्या परवानगीने द्यूतशाळा चालवणारा. त्या नगरात वाटेल तिथे फासे टाकायला मनाई होती. ज्याला खेळायचे असेल त्याने द्यूतशाळेत यावे, राजमुद्रा असलेल्या पटावर खेळावे, जिंकणाऱ्याने जिंकलेल्यातला एक भाग शाळेला द्यावा आणि शाळेने आपल्या मिळकतीचा पाचवा हिस्सा राजकोठारात भरावा, अशी रीत होती. कोण जिंकला आणि कोण हरला, याच्याशी शाळेला कर्तव्य नव्हते. खेळ चालू राहिला म्हणजे झाले.

बोधिसत्त्वाचे नाव त्या जन्मी नंदिय असे होते. मरताना बापाने त्याला जवळ बोलावून सांगितले, "बाळा, लोक आपल्या धंद्याला नावं ठेवतात. ठेवू देत. पण आपल्या शाळेत खोटा फासा पडला, असं कोणी म्हणता कामा नये."

नंदियाने हे शब्द मनाशी गाठ मारून ठेवले. रोज सकाळी शाळा उघडण्याआधी तो पाण्याने भरलेल्या परातीत शिवणीच्या लाकडाचे फासे एकेक करून सोडी. खऱ्या फाशाला पाण्यात कोणतीच बाजू जवळची नसते. खोटा फासा फिरून फिरून एकाच अंगावर येतो. तसा एखादा सापडला तर तो चुलीत जाई. शाळेत मद्याला थारा नव्हता. परगावच्या माणसाला कोणी फसवले तर फसवणाऱ्याला दाराबाहेर काढण्यात येई. खलाशी म्हणत, किनाऱ्यावर फसवणूक नसलेली एकच जागा आहे, ती म्हणजे नंदियाची द्यूतशाळा. हे ऐकून बोधिसत्त्वाला समाधान वाटे आणि त्याला झोप चांगली लागे.

पिंगल नावाचा त्याचा एक भागीदार होता. पिंगल हा हसतमुख, बोलका, माणसांची नावे आणि आवडीनिवडी न विसरणारा. तो आल्यापासून शाळेची भरभराट झाली. खेळणाऱ्यांना बसायला त्याने मऊ बैठका केल्या, वाळ्याचे पाणी ठेवले, आणि एक नवी रीत पाडली. जो दिवसात सर्वांत जास्त हरेल, त्याच्या गळ्यात निघताना मोगऱ्याचा हार घालायचा, हातात विडा द्यायचा आणि दारापर्यंत पोचवायला जायचे. मग काही दिवस तो आला नाही तर माणूस पाठवून विचारायचे, "प्रकृती बरी आहे ना? तुमच्याशिवाय शाळेला शोभा नाही."

नंदियाने एकदा विचारले होते, "जिंकणाऱ्याला सोडून हरणाऱ्याला हार कशासाठी?"

"जिंकलेला आपल्या पायांनी येतोच," पिंगल म्हणाला. "हरलेल्याला वाईट वाटलेलं असतं. त्याचं मन राखायला नको?"

बोधिसत्त्वाला हे सौजन्याचे वाटले. त्याने पुढे काही विचारले नाही.

शूर्पारकाची खाडी दिसायला भोळी, पण आतून कपटी होती. तिच्या मुखाशी वाळूचे दांडे होते आणि दर पावसाळ्यात ते जागा बदलत. म्हणून दूरदेशीची गलबते बाहेर समुद्रातच थांबत आणि शंख फुंकत. मग बंदरातला वाटाड्या होडीने त्यांच्यापर्यंत जाई, गलबतावर चढे आणि भरतीच्या पाण्यावर ते आत आणी. या वाटाड्यांत तिष्य हा सर्वांत जाणता. पाण्याचा रंग कुठे गढूळतो, लाट कुठे उगाच मोडते, एवढ्यावरून तो खालची वाळू ओळखी. त्याने आत आणलेल्या गलबताचा तळ कधी जमिनीला लागला नव्हता.

वाटाड्याचे निम्मे आयुष्य वाट पाहण्यात जाते. गलबत येते, पण भरती नसते. भरती असते, पण वारा नसतो. द्यूतशाळा धक्क्याला लागूनच होती. एकदा असाच ओहोटीच्या वेळी तिष्य सावली पाहून आत गेला, गंमत म्हणून बसला, आणि त्याला लागोपाठ दाने पडली. त्या दिवशी तो बायकोसाठी लुगडे आणि मुलीसाठी लाकडी हत्ती घेऊन घरी गेला. शाळेत आलेल्या कित्येकांचे असे एकदा होते, आणि ते हसून विसरून जातात. तिष्य विसरला नाही.

पुढे दान फिरले. तरीही तो येत राहिला. आधी भरतीची वाट पाहताना खेळे, मग खेळताना भरतीची वाट पाहीनासा झाला. स्वतःची होडी त्याने विकली आणि दुसऱ्याच्या होडीतून गलबतांकडे जाऊ लागला. बैठकीवर तो फारसा बोलत नसे, चिडत नसे, कोणाशी भांडत नसे. पिंगल म्हणे, "शंभरात एक गिऱ्हाईक." त्याच्या गळ्यात हार घालताना तो त्याच्या खांद्यावर हात ठेवी.

एका वर्षी समुद्रपूजेचा उत्सव आला. सारे नगर नटूनथटून किनाऱ्यावर लोटले. इतर दिवशी शाळेत गजबज करणारे व्यापारी, खलाशी, हौशी तरुण यांपैकी त्या दिवशी एकही फिरकला नाही. शाळेत सात-आठ माणसे तेवढी होती. सकाळी बसली ती तिथेच जेवली आणि पुन्हा बसली. बाहेर ढोल वाजत होते. एकानेही मान वर करून पाहिले नाही.

संध्याकाळी मिळकतीची थैली उचलताना नंदियाचा हात थबकला. ती रोजच्याइतकीच जड होती.

"पिंगला, आज तर शाळा ओस होती," तो म्हणाला.

पिंगल दिवे मालवीत होता. "ओस कुठे? जे यायला हवेत ते सगळे आले होते. मित्रा, ती बाकीची गर्दी म्हणजे अळवावरचं पाणी. आली काय, गेली काय. आपलं पोट या सात-आठ जणांवर चालतं. तुला हे माहीत नव्हतं?"

नंदियाला हे माहीत नव्हते. आजवर त्याला वाटत आले होते की शाळा नगराच्या करमणुकीवर चालते. आता त्याला त्या सात-आठ जणांची तोंडे आठवू लागली. एक शंखाच्या बांगड्या करणारा होता, त्याचे दुकान बंद झाले होते. एक म्हातारा सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्यांचा नायक होता, त्याला मुलांनी वेगळे काढले होते. आणि तिष्य होता. फासे खरे होते, यात शंका नव्हती. पण फासे खरे असण्याचा या माणसांना काय उपयोग झाला, ते त्याला सांगता येईना.

उत्सव सरल्यावर एके दिवशी सकाळी एक बाई डोक्यावर भली मोठी टोपली घेऊन शाळेच्या दाराशी आली. नंदिय फासे पाण्यात सोडीत बसला होता. बाईने टोपली त्याच्या पुढ्यात उतरवली. आत वाळून पिवळे, काळे पडलेले मोगऱ्याचे हार होते. वरपासून तळापर्यंत दाबून भरलेले.

"मी उत्तरा, तिष्याची बायको," ती म्हणाली. "हे तुमचं तुम्हाला परत द्यायला आले."

"बाई, हार कोणी परत करतं का?"

"आमच्यात देवाचं निर्माल्य नदीत सोडतात. हे कुठे सोडायचं ते मला कळेना. नवऱ्याला फेकवत नाहीत. घरी आला की खुंटीला टांगतो आणि बघत बसतो. म्हणतो, बंदरात मला मान आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "पहिला हार आला तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. वाटलं, कुणीतरी याचं कौतुक केलं. मग लक्षात आलं की ज्या दिवशी घरात चूल पेटत नाही, त्याच दिवशी हार येतो."

नंदियाने हातातला फासा खाली ठेवला.

"मी भांडायला आले नाही, दादा. तो आपल्या पायांनी येतो, हे मला ठाऊक आहे. पण गेल्या आषाढात तो चार दिवस आला नव्हता. आठवतं? आजारी नव्हता तो. त्याने मनाशी ठरवलं होतं. मुलीला मांडीवर घेऊन दाराला पाठ लावून बसला होता. पाचव्या दिवशी तुमचा माणूस आला, प्रकृती विचारायला." तिने टोपली पुढे सरकवली. "एवढंच विचारायचं होतं. तो माणूस तुम्ही कशाला पाठवला?"

या प्रश्नाला सौजन्याचे उत्तर देता येण्यासारखे होते. नंदियाच्या ओठांवर ते आलेही होते. पण टोपलीकडे पाहिल्यावर ते त्याला उच्चारवेना.

"तो यावा म्हणून," तो म्हणाला.

उत्तरेने मान हलवली, रिकाम्या हाताने पदर सावरला आणि ती निघून गेली. टोपली तिथेच राहिली.

त्याच दिवशी नंदियाने तिष्याला बाजूला बोलावले. धक्क्याच्या पायऱ्यांवर दोघे बसले. नंदियाने त्याला उपदेश केला नाही. तो म्हणाला, "वाटाड्या, तुला थांबायचं आहे का?"

तिष्याने पाण्याकडे पाहिले. मग म्हणाला, "नंदियदादा, आत्ता आहे. आत्ता मी शुद्धीवर आहे. पण संध्याकाळी जो माणूस माझ्या पायांनी तुमच्या दारात येतो ना, तो मी नव्हे. त्याला मी आवरू शकत नाही. फाशांचा आवाज कानी पडला की मुलीचं नावसुद्धा आठवत नाही मला."

"मग मी काय करू?"

"दार लावा. माझ्यासाठी दार लावा. मी पाया पडेन, शिव्या देईन, रडेन. उघडू नका. आत्ता मी सांगतोय ते खरं धरा. तेव्हा सांगेन ते धरू नका."

"धरणार नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "माझ्या शाळेचं दार तुला बंद. हा माझा शब्द."

त्याने द्वारपालाला आणि पिंगलाला बोलावून तिष्याच्या देखत तसे सांगितले. पिंगलाने तोंड वाकडे केले, पण मान डोलावली. तिष्य पुढच्या दिवसांत खरोखरच दाराशी आला, पाया पडला, शिव्याही दिल्या. दार उघडले नाही. मग येणे कमी झाले. पावसाळा लागला, गलबते थांबली. तिष्य लोकांच्या होड्या डांबरून देऊ लागला. पाऊस ओसरल्यावर खाडीचे बदललेले दांडे पाहायला तो पूर्वीसारखा पहाटे मुखाशी जाऊ लागला. उत्तरा एकदा बाजारात दिसली तेव्हा तिच्या हाताशी मुलगी होती आणि मुलीच्या हातात ऊस होता.

नंदियाने हारांची रीतही बंद करायला सांगितली. पिंगल म्हणाला, "एका माणसासाठी धंदा मोडायचा का? थोडं थोडं करू." नंदियाने ते 'थोडं थोडं' मान्य केले. त्या जन्मात बोधिसत्त्वाकडून जी चूक झाली ती ही.

शरद ऋतूत नंदियाला बहिणीच्या घरी, नदीवरच्या गावी जावे लागले. शाळा पिंगलाच्या हाती होती. त्या सुमारास म्हातारा सार्थवाह वारला, बांगड्या करणारा गाव सोडून गेला, आणि मिळकत घसरली. राजाच्या हिश्श्याची वेळ जवळ आली होती. पिंगल काही दुष्ट नव्हता. त्याला पाच मुले होती, त्याने दोन विधवा भावजयांना सांभाळले होते, आणि तो मनापासून मानत असे की जाणत्या माणसाला दार लावणे म्हणजे त्याचा अपमान करणे. त्याने मोगऱ्याचा एक हार करवला आणि तिष्याच्या घरी पाठवला. सोबत निरोप होता, "पुष्कळ दिवसांत दर्शन नाही. बैठकीत आठवण निघते. धनी गावी नाहीत."

तिष्याने हार हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा हातात घेतला. उत्तरा तेव्हा विहिरीवर गेली होती.

दुपारी, भरतीला थोडा वेळ असताना, खाडीच्या मुखाबाहेर एक गलबत येऊन उभे राहिले आणि त्याचा शंख वाजला. द्यूतशाळेत तो स्पष्ट ऐकू आला. बरोबरचा एक खेळाडू म्हणाला, "वाटाड्या, तुझं बोलावणं."

"हा एक डाव," तिष्य म्हणाला.

शंख पुन्हा वाजला. त्या दिवशी बंदरात दुसरा एकच वाटाड्या होता आणि तो तापाने पडला होता. भरती आली, भरली, उतरू लागली. गलबताच्या नाखव्याने पाहिले की पाणी चालले. बाहेर वारा फिरत होता आणि उघड्या समुद्रात थांबण्यात धोका होता. तो या खाडीत पूर्वी आला होता. त्याने जुन्या आठवणीवर गलबत आत घातले. पण दांडा पावसाळ्यात सरकला होता. गलबत वाळूवर चढले, कलले आणि लाटांच्या माऱ्याने दुभंगले. कोळ्यांनी होड्या घातल्या आणि बहुतेकांना काढले. तीन खलाशी बुडाले.

धक्क्यावर आरडाओरडा झाला तेव्हा तिष्य फासे टाकीत होता. तो धावत बाहेर आला. त्याने एकदा मुखाकडे पाहिले आणि तो धक्क्यावरच खाली बसला. लोकांनी त्याला तिथेच धरले.

दुसऱ्या दिवशी नंदिय परतला तेव्हा नगरात दुसरे बोलणे नव्हते. तो थेट पिंगलाकडे गेला.

"दार कोणी उघडलं?"

पिंगलाचे तोंड उतरले होते. "मी त्याला हाताला धरून आणलं नाही, नंदिया. एक हार पाठवला होता. इतकंच. आला तो आपल्या पायांनी." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आणि ऐक. ही गोष्ट कोणाला माहीत नाही. तिष्य आपलं नाव घेत नाही. सगळा दोष माझा म्हणतो. तुझा तो शब्दही द्वारपालाखेरीज कोणाला ठाऊक नाही. उद्या राजसभेत आपण बोललो नाही तर आपल्याला कोणी विचारणार नाही. बोललास तर शाळाही जाईल आणि कदाचित डोकंही."

नंदियाने ऐकून घेतले. पिंगल सांगत होता त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

राजसभा भरली. बुडालेल्यांचे सोबती एका बाजूला उभे होते, बांधलेला तिष्य दुसऱ्या बाजूला. त्याने खाली मान घालून सांगितले, "महाराज, शंख मी ऐकला होता. गेलो नाही. मला सुळावर द्या." उत्तरा दाराशी बसली होती. राजा धृतिमान शिक्षा सांगायला तोंड उघडणार, तोच नंदिय पुढे आला.

"महाराज, याने आपला गुन्हा सांगितला. माझा राहिला."

सभेत कुजबूज झाली. नंदियाने सारे सांगितले. धक्क्याच्या पायऱ्यांवरचे बोलणे, दिलेला शब्द, पाठवलेला हार, आणि तो पाठवण्याइतकी मोकळीक आपणच ठेवली होती, हेही. "शुद्धीवर असताना याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती," तो म्हणाला. "ती मी देतो म्हणालो आणि माझ्या शाळेने दिली नाही."

पिंगलाला राहवले नाही. तो उठून म्हणाला, "महाराज, आमचे फासे खरे आहेत, साऱ्या किनाऱ्याला विचारा. आम्ही कोणाला ओढून आणत नाही. आलेल्याला बसवतो."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "द्यूतपाला, तुझा भागीदार वावगं बोलत नाही. उद्या कोणी अधाशासारखं खाऊन आजारी पडला, तर खाणावळवाल्याने अजीर्णाचा दोष घ्यायचा का?"

"नाही, महाराज," नंदिय म्हणाला. "खाणावळवाला भुकेल्याला वाढतो, आणि पोट भरलं की माणूस उठतो. पण समजा एखाद्याला असा रोग आहे की पोट भरलेलं त्याला कळतच नाही. खाणावळवाल्याने तो रोग ओळखला. त्याला मऊ पाट दिला, उठला की हार घातला, आला नाही तर घरी माणूस धाडला. आणि असे सात-आठ रोगी नसतील तर त्याची चूल पेटत नाही. मग महाराज, तो अन्न विकतो की रोग विकतो? मी इतकी वर्षं फासे पाण्यात घालून पाहिले. माणसं पाहिली नाहीत."

आणि बोधिसत्त्वाने ही गाथा म्हटली:

"बुडत्या हाती धोंडा दिला, म्हणे मी तर ढकलले नाही;
काठावर तो उभा राहिला, तरी कोरडा राहिला नाही.
स्वतःस आवरू न शके त्याचे, आवरणे ज्या हाती आले,
त्याने हात आखडता घेता, दोष एकट्याचा उरला नाही."

राजाने कोठाराध्यक्षाला विचारले, "या शाळेचा पाचवा हिस्सा आपल्याकडे येतो ना?"

"येतो, महाराज. वेळेवर येतो."

"मग दोषाचाही पाचवा हिस्सा माझ्याकडे आला," राजा म्हणाला. त्याने निवाडा दिला. बुडालेल्या तिघांच्या घरच्यांचे पोषण द्यूतशाळेने करावे आणि त्याचा पाचवा भाग राजाने द्यावा. तिष्याचा जीव घेऊ नये. पण त्याने पुन्हा कोणत्याही गलबतावर वाटाड्या म्हणून चढू नये. दर पावसाळ्यानंतर खाडीच्या मुखाशी जाऊन, वाळूचे दांडे शोधून, त्यांच्या कडेने बांबू रोवावेत, म्हणजे एका माणसाची वाट पाहत गलबतांना थांबावे लागणार नाही. पिंगलाचे आणि नंदियाचे काय, असे मंत्र्यांनी विचारले तेव्हा राजा म्हणाला, "शाळा त्यांची आहे. ती कशी चालवायची ते द्यूतपालाने ठरवावं. तो काय ठरवतो ते मला पाहायचं आहे."

नंदियाने शाळा बंद केली नाही. आपण बंद केली तर दुसरा कोणी चार दिवसांत उघडील, हे त्याला समजत होते. त्याने इतकेच केले की हार थांबवले, विडा थांबवला, प्रकृती विचारणारा माणूस थांबवला. जो म्हणेल "मला दार लावा", त्याला दार लागे, आणि मग ते धन्याच्या गैरहजेरीतही उघडत नसे. जो सकाळपासून बसला आहे त्याच्याजवळ जाऊन नंदिय स्वतः सांगे, "आता उठा. घरी जेवायला थांबले असतील." कोणी चिडले, कोणी हसले. काहींनी बाहेर पडल्यावर पुन्हा तोंड दाखवले नाही. उधारीवरचा डाव बंद झाला.

पिंगल काही काळ हे पाहत राहिला. मग एके दिवशी त्याने आपला भाग मागितला. "तू माणूस चांगला आहेस," तो म्हणाला, "पण हा धंदा नव्हे." तो उत्तरेकडच्या एका बंदरी गेला आणि तिथे त्याने मोठी द्यूतशाळा काढली. ती उत्तम चालली, असे सांगतात.

शूर्पारकातली शाळा मात्र आटत गेली. वरचा ओढा वळवला की तळे जसे आटते, तशी. हौशी लोक सणासुदीला येत, हसतखेळत दोन डाव टाकत आणि निघून जात. त्यांच्यावर दिव्याचे तेलही भागत नसे. कोणी ती बंद केली नाही. ज्यांना थांबता येत नाही त्यांच्याकडून घेणे तेवढे थांबवले, आणि मग तिला जगण्यासारखे काही उरले नाही. शेवटी नंदियाने पट काढून टाकले आणि त्या जागेत काथ्याचे दोरखंड वळायला सुरुवात केली. बंदरात दोरखंडाला तोटा नसतो. तिघा खलाशांच्या घरी जे पोचायला हवे ते त्यातून पोचत राहिले. नंदिय त्यामुळे कधी श्रीमंत झाला नाही.

तिष्याने आयुष्यभर बांबू रोवले. पहाटेच्या ओहोटीला तो कमरेइतक्या पाण्यात उभा दिसे. त्याची ओढ गेली असे मात्र झाले नाही. रस्त्यात पोरे सागरगोट्यांनी खेळत असली की त्याचे पाय थबकत आणि तो तिथेच उभा राही. मग उत्तरा किंवा मुलगी येऊन त्याला हाताला धरून पुढे नेई. कधी कधी त्या वाटेने नंदिय जात असे. तेव्हा तो नेई. दोघे धक्क्यापर्यंत चालत जात.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवनात सांगितली. श्रावस्तीतला एक मद्यविक्रेता गृहस्थ त्यांना भेटायला आला होता. त्याने विचारले होते, "भंते, मी कोणाच्या तोंडात ओतत नाही. पिणारा पितो, मी विकतो. त्याच्या घराची धूळधाण झाली तर माझ्याकडे बोट कशाला?" कथा संपेपर्यंत तो मान खाली घालून बसला होता.

मग शास्त्यांनी त्या जन्माचा या जन्माशी मेळ घातला: "त्या वेळचा राजा धृतिमान म्हणजे आजचा आनंद. उत्तरा म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. वाटाड्या तिष्य म्हणजे त्या खांबाशी बसलेला, नुकताच संघात आलेला भिक्षू. त्याला पुष्कळदा मागे संसाराकडे वळावेसे वाटते आणि त्याचे सोबती त्याला हात देतात. पिंगल म्हणजे, गृहपते, तूच. आणि द्यूतपाल नंदिय म्हणजे मी."

गृहस्थ नमस्कार करून उठला. आपल्या दुकानासमोर रोज उघडायच्या आधीच येऊन बसणारा एक लोहार त्याला आठवत होता. त्या लोहाराला काय सांगायचे, याचा विचार करीत तो नगराच्या वाटेला लागला.

त्या जन्मी बोधिसत्त्वाने जी पारमिता, म्हणजे बुद्धत्वाकडे नेणारा जो सद्गुण वाढवला, तो मैत्रीचा, सर्वांचे भले चिंतण्याचा.